हौसामावशीची नाकं

आम्ही दोघा नवराबायकोनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वालाच्या शेंगा सोलणं. दुपार कलली होती. लोणावळ्यात ज्या बंगल्याची मी रखवाली आणि माळीकाम करतो, त्याच्या मागच्या अंगाला आमची खोली आहे, खोलीपुढं ओटा. ओट्यावर ती, मी आणि मध्ये सूप. ती सोलत होती कमी आणि रस्त्याकडं बघत होती जास्ती. तेवढ्यात पोस्टमन सायकलवरून गेला. हातातली शेंग तशीच धरून ती म्हणाली, "बगा, बगा, माझं नाक चाललं."

मी म्हणालो, "त्याचं त्याला राहू दे. तू शेंगा सोल."

"त्याचं कुटलं? त्याच्या आयनं दिलतं ते भज्यागत हुतं. म्या वढलं म्हनून सरकारी नोकरी लागली."

"नाकावर नोकरी लागती?"

"मग तुमाला का लागली न्हाई?"

असं आमचं चाललं होतं. रात्री वालाची उसळ खाल्ली, झोपलो. सकाळी मी उठलो, ती उठली नाही. बस, एवढंच. त्याच्यावर मला जास्ती लिहायचं नाही. मला लिहायचं आहे ते तिच्या नाकांवर.

हौसा माझी बायको. साऱ्या मुलखाची हौसामावशी. बाळंतिणीला आणि तान्ह्या पोराला तेल लावून न्हाऊ घालायचं हा तिचा धंदा. असल्या बायका गावोगाव असतात. पण त्या पोराला न्हाऊ घालतात, सुपातले तांदूळ घेतात आणि घरी जातात. हिची समजूत वेगळी. देव माणूस अर्धवट करून पाठवतो आणि उरलेलं काम आपल्यावर सोडतो, असं हिला मनापासून वाटायचं. "देवाला लय घाई आसती," म्हणायची. "त्यो नुसता गोळा टाकतो खाली. नाक, कान, कपाळ बघाया त्याला टाइम कुटं हाय?"

मग ती टाइम काढायची. पाय लांब करून बसायची आणि नडग्यांच्या मधल्या पन्हाळीत पोर निजवायची. खोबरेल कोमट करून घ्यायची आणि अंगठा आणि बोटाच्या चिमटीत नाक धरून वरून खाली, वरून खाली ओढायची. डोकं तळव्यानं गोल करायची. कान मागं दाबायची. हनुवटीला खळी पाडायची, तीही आईबापाला न विचारता. पोर बोंबलायचं. पोराची आई घाबरून म्हणायची, "मावशी, हळू, हाड मोडंल." त्यावर हिचं ठरलेलं उत्तर, "हाड कुटं हाय त्ये? लोनी हाय लोनी. आता सव्वा म्हैन्यात करून घ्या काय ते. मग बसा मुंबईच्या डाक्टरच्या दारात."

निघताना ती मोहरीची उशी शिवून द्यायची. पोराचं डोकं त्या उशीवर ठेवलं की मागून चपटं होत नाही म्हणे. बाळंतिणीचं पोट जुन्या लुगड्यानं असं आवळून बांधायची की ती बिचारी हसायची बंद व्हायची. "हसली की सुटतं," असं हौसाचं शास्त्र होतं.

कामशेतच्या बाजारात हिला घेऊन जायचं म्हणजे शिक्षा. माणसाकडं बघून माणूस ओळखायची नाही, नाक बघून ओळखायची. वांगी विकणाऱ्या बाईपुढं उभी राहून म्हणायची, "हे माझं." केळीवाल्याला म्हणायची, "तुजंबी माझंच, पर तुज्या आजीनं मधी बोटं घातली." एकदा गाडीत तिकीट तपासणारा आला. तिकीट माझ्या खिशात होतं. मी काढतोय तोवर हिनं त्याची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडं फिरवलं आणि म्हणाली, "तू शिरगावच्या गंगीचा न्हवं? किती वंगाळ ठिवलंस रं नाक! तेल लावतोस का?" डब्यातली सगळी माणसं त्याच्या नाकाकडं बघायला लागली. त्यानं माझं तिकीट बघितलंच नाही. पुढच्या स्टेशनावर उतरून दुसऱ्या डब्यात गेला.

आता तुम्ही म्हणाल, एवढी नाकवाली बाई, तिचं स्वतःचं नाक कसलं असेल? ते विचारूच नका. चपटं. शेणाची गोवरी भिंतीला थापावी तसं कुणीतरी थापलेलं. मी लग्नात अंतरपाट खाली गेला तेव्हा पहिल्यांदा बघितलं. तेव्हा उशीर झाला होता. त्यावरून मी तिला आयुष्यभर छळलं. ती चिडायची नाही. म्हणायची, "मला आय कुटं हुती? सावत्रीनं तेल भाजीत घातलं." आणि लगेच माझ्यावर घसरायची, कारण माझं नाक पोपटासारखं. "सासूबाईंनी वढाया घेतलं ते घेतलं, थांबायच्याच इसरल्या."

पोरांवर थांबली असती तर ठीक होतं. पण हिला मोठ्या माणसांचीही खाज. कार्ल्याकडचा एक पोरगा होता, लग्न ठरलेला. कान असे, की मागून बघितलं तर दोन बाजूंना दोन सुपं लावल्यासारखा. त्याची आई हिच्याकडं रडत आली. हिनं लग्नापर्यंत रोज संध्याकाळी त्याचे कान तेलानं चोळले, मागं दाबले आणि डोक्याला लुगड्याची पट्टी बांधून घरी पाठवला. मी म्हणालो, "अगं, तो काय तान्हा आहे? मिशी आलीये त्याला." म्हणाली, "मिशी व्हटावर आलीया. कानावर न्हाई."

लग्नात मुंडावळ्या बांधल्या तेव्हा एक कान चांगला चिकटून बसला होता. दुसरा होता तसाच. डाव्या बाजूनं बघितलं तर मामलेदार, उजव्या बाजूनं बघितलं तर सूप. नवरीकडची माणसं उजव्या बाजूला बसली होती. मोठी कुजबुज झाली. हौसानं मान्य करावं ना? नाही. "त्यो एकाच कुशीवर झोपला, त्याला म्या काय करू?"

असं सगळं. आता बंगल्यातली बाई सांगतो.

त्या काळात मुंबईची बडी माणसं बंगले भाड्यानं घेऊन हवा खायला यायची. एकदा पावसाळा संपता संपता एक गाडी आली. आतून एक तरुण बाई उतरली, डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्याला रुमाल, आणि नाकावर पांढरं प्लास्टर. चष्मा काढला तर डोळ्यांभोवती काळंनिळं. हौसा पाणी घेऊन गेली होती. हळहळली. "कुटं पडल्या वं बाई?"

बाईबरोबर आलेली आया म्हणाली, "पडल्या नाहीत. ऑपरेशन केलंय नाकाचं. चांगलं दिसायला. सूज जाईपर्यंत इथं राहायचं, मुंबईत कुणाला कळू द्यायचं नाही."

हौसा खोलीवर आली ती पोट धरून हसत. "अवं, नाक कापून घ्याया पैसं दिलं तिनं!" मलाही ते पटेना. ज्या नाकावरून बाप ओळखायचा तेच कापून टाकायचं, आणि वर लपून बसायचं, म्हणजे चोरी आपल्याच घरात. पण श्रीमंतांचं काही सांगता येत नाही. त्यांना वेळ जात नाही.

हौसाला मात्र राहवेना. दुसऱ्या दिवशी ती बाईपुढं जाऊन उभी राहिली. "बाई, आदी माज्याकडं यायचं हुतं."

"कधी?" बाईनं विचारलं.

"जलमला तवा."

बाई बिचारी चांगली होती. तिला हसायची बंदी होती, टाके दुखायचे, म्हणून ती उशी तोंडावर धरायची. हौसानं तिच्या दोन्ही कानांच्या बाजूला मोहरीच्या उशा ठेवल्या. झोपेत मान वळून नाक दबायला नको म्हणून. इथवर ठीक होतं. पण हिला वाटलं, बाळंतीण आणि नाकाची बाई, दोघीही आजारातून उठलेल्या, तेव्हा धुरी दिलीच पाहिजे. आया बाजारात गेली होती. हिनं शेगडी पेटवली, निखाऱ्यावर ओवा आणि वावडिंग टाकलं आणि खोलीचं दार लावून घेतलं.

बाई शिंकली. एकदा नाही, सारखी शिंकत सुटली. आया आली ती किंचाळली. मुंबईला ट्रंककॉल झाला. ज्यानं नाक केलं तो डॉक्टर मोटार हाकत घाट चढून आला. उंच, टक्कल पडलेला, रागानं लाल. प्लास्टर काढून बघितलं. नाक जागेवर होतं. मग त्यानं हौसाला बोलावलं आणि फैलावर घेतलं. मी पाठीमागं हात जोडून उभा. मला वाटलं, गेली आपली नोकरी.

हौसानं त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "डाक्टर, तुमी अशी नाकं किती क्येली?"

"मोजली नाहीत."

"म्याबी मोजली न्हाईत. पर माज्या येकाबी नाकाला टाका न्हाई."

 डॉक्टर असा हसला की बाईनं पुन्हा उशी तोंडावर घेतली. जाताना मला म्हणाला, "बायकोला शेगडीपासून लांब ठेव." आणि तिला म्हणाला, "मावशी, मुंबईला आलात तर हॉस्पिटलात या. माझ्या नाकाचं काय करता येतं का बघा."

नंतर प्लास्टर निघालं, सूज उतरली. बाईनं हौसाला बोलावून विचारलं, "आता कसं दिसतं?" हिनं नाकाभोवती एक चक्कर मारल्यासारखं बघितलं. "नाक झ्याक हाय. पर कुनाचं हाय त्ये कळंना."

बाई त्यावर हसली नाही. बराच वेळ आरशापुढं बसली होती. मी हौसाला म्हणालो, "तुझ्या जिभेला कुणी मालिश केलं नाही का गं लहानपणी?"

तर अशी ही बाई. तोंडाळ, फुशारकी मारणारी, दुसऱ्याच्या हनुवट्या धरणारी. आमच्या घरात पाळणा हलला नाही. त्यावर ती कधी बोलली नाही, मीही बोललो नाही. लोकांची पोरं रोज पायांवर असायची, तेवढ्यात दिवस जायचा.

ती नाकाची बाई येऊन गेली त्याच्या पुढच्या साली श्रावणात वडिवळ्याहून सांगावा आला. एका शेतकऱ्याच्या घरी सून बाळंत झाली होती, लवकर या. हौसा गेली आणि संध्याकाळी परत आली ती पोर घेऊन. लुगड्यात गुंडाळलेलं, हाताएवढं. मी तोंडावरचा पदर बाजूला केला आणि पुन्हा झाकला. वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला. मुलगी होती.

"हे काय आणलंस?"

"सासू म्हनती, गिरानात सुनंनं इळा हातात धरला म्हनून पोर असं झालं. सुनंला उटताबसता बोलतीया. पोरीला दूद वढता येत न्हाई, आन कुनी पाजतबी न्हाई. गोठ्याच्या कोपऱ्यात ठिवलीया. ऱ्हायली तर ऱ्हायली."

"मग दवाखान्यात न्यायची."

"त्येबी सांगितलं. म्हातारी म्हनती, देवानं फाडल्यालं मानसानं शिवायचं न्हाई. सुरी लावाल तर पोर घरात घेनार न्हाई. मग म्या म्हनलं, माज्याकडं द्या. बोटानं वढून जुळवते."

"जुळंल?"

"न जुळाया काय झालं? लोनी हाय."

तिचा खरंच विश्वास होता. हे मी मुद्दाम सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल ती पहिल्यापासून लबाडी करत होती. बंगला रिकामा होता, बाहेर धो धो पाऊस. ही ओट्याच्या आत पाय पसरून बसायची, बोंडल्यानं शेळीचं दूध थेंब थेंब घशात सोडायची आणि मग ओठाच्या दोन्ही कडा दोन बोटांनी धरून जवळ आणायची. धरून बसायची. तिच्या बोटांना वांब यायचे, पण सोडायची नाही. सोडलं की ओठ पुन्हा उघडायचा. मग पुन्हा धरायची. पोरीचं डोकं गोल झालं, कपाळ उजळलं, मांड्या भरल्या. ओठ होता तसाच.

मी टोमणा मारला, मला दुसरं काय येतं? "काय गं, हे लोणी जरा घट्ट दिसतंय."

तिनं ओठाच्या कडा पुन्हा धरल्या. लग्नापासून पहिल्यांदा माझा टोमणा फुकट गेला. भादव्यात एका सकाळी ती उठली, हात धुतले, तेलाची वाटी पालथी घातली आणि म्हणाली, "मुंबईची गाडी कवा हाय?"

हॉस्पिटलात तो टकल्या डॉक्टर भेटला. त्यानं तिला लगेच ओळखलं. "काय मावशी? तुमच्या कामाला टाका लागत नाही म्हणाला होतात."

दुसरी बाई असती तर खाली मान घातली असती. ही म्हणाली, "त्ये नाकाचं म्हनलं हुतं. ह्ये तोंड हाय." आणि मग तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं तसं हळू म्हणाली, "माज्या बोटानं व्हईना. तुमी करा. पर टाका बारीक घाला. पोरीची जात हाय."

डॉक्टर म्हणाला, अजून अंगात रक्त नाही, खाऊपिऊ घाला आणि दसऱ्यानंतर आणा. तशी आणली. शिवला ओठ. तिथल्या नर्सनं पोरीच्या कोपरांना पुठ्ठे बांधून दिले, हात वाकून तोंडाकडं जायला नको म्हणून. घरी आल्यावर हौसाला ते पुठ्ठे टोचतील असं वाटलं. तिनं त्यांना माझ्या जुन्या बंडीचं अस्तर लावलं. मला न विचारता. पोरीला रडू द्यायचं नाही, टाका तुटेल, अशी ताकीद होती. म्हणून हौसा दिवसभर तिला खांद्यावर घेऊन बंगल्याभोवती फिरायची, आणि ती स्वयंपाकाला बसली की पोर माझ्याकडं. मला गाणं येत नाही. मी कुत्र्यासारखा भुंकायचो. पोरगी टकामका बघायची. रस्त्यानं जाणाऱ्या एका पाहुण्यानं मला विचारलं, कुत्रं कोणत्या जातीचं आहे.

दिवाळीत आम्ही पोरगी वडिवळ्याला पोचवली. सगळा वाडा गोळा झाला. म्हातारीनं पोरीचं तोंड दिव्यापुढं धरलं. ओठ जुळलेला. फक्त मध्ये एक बारीक रेघ. "ही रेग कसली गं?"

"माजं नख लागलं," हौसा म्हणाली. पापणीसुद्धा हलली नाही.

सुनेनं तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि उचलेना. पोरीचं नाव शेवंता ठेवलं.

परत येताना मी चिडलो होतो. मी तोंडावर बोलणारा माणूस, मला खोटं खपत नाही. म्हणालो, "डॉक्टरनं केलं आणि नाव तू घेतलंस. लाज वाटत नाही?"

"सुरी लावली म्हनलं तर आज घरात घ्येतली असती का तिला? आन उद्या तिचं लगीन निगंल तवा काय म्हनतील? शिवल्याली पोर. बोटानं जुळली म्हनलं की देवाचं काम झालं. कुनी काय बोलत न्हाई." मग थोडं चालून म्हणाली, "आन नाव मला कुटं पायजे? माज्याकडं नाकं लय हायती."

तसंच झालं. हौसामावशीनं फाटका ओठ बोटानं जुळवला, ही गोष्ट साऱ्या मावळात झाली. पुढं तसली आणखी एकदोन पोरं आली. त्यांनाही आम्ही गुपचूप गाडीनं नेलं, गाडीनं आणलं. मी पिशवी धरायला. पण गंमत बघा. पोस्टमनच्या नोकरीचं श्रेय घेणारी ही बाई, कुणी शेवंताचं नाव काढून म्हणालं, "मावशी, तुमच्या बोटात देव हाय," की ही उठायची आणि चुलीवर दूध नसलं तरी बघून यायची.

शेवंता मोठी झाली. गेल्या साली सोमाटण्याला तिचं लग्न झालं. हौसा त्या लग्नात मागं, बायकांच्या गर्दीत बसली होती. एकदाही "हे माझं" म्हणाली नाही.

आता पुन्हा त्या दिवसावर येतो.

हौसाला दुपारी नेलं. माणसं आली होती पुष्कळ. मी भिंतीला टेकून बसलो होतो आणि समोर सगळी नाकं बसली होती. पोस्टमन, केळीवाला, कार्ल्याचा तो एका कानाचा, आता त्याचा पोरगा घेऊन. आम्ही स्मशानातून परत आलो तेव्हा ओट्याच्या खाली एक म्हातारी आणि एक बाई उभ्या होत्या. बाई म्हणजे शेवंता. उराशी लुगड्यात गुंडाळलेलं पोर. त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्या मोटारीनं आल्या होत्या हौसामावशीला भेटायला.

शेवंतानं मला बघितलं, माझे ओले कपडे बघितले आणि खाली बसली. पोराचं तोंड उघडं पडलं. वरचा ओठ फाटलेला, जसा तिचा होता तसा.

तिच्या सासूनं कपाळावर हात मारला. "तळेगावचा डाक्टर म्हनला, आपरेशन करा. म्या म्हनलं, का म्हनून? हिचं बोटानं जुळलं, मग नातवाचं का न्हाई? हौसामावशी हाय की. आन मावशीच गेली! आता ह्येचं नशीब."

जमलेली माणसंही मान हलवायला लागली. ती बोटं गेली, आता काही नाही. पोर कुरकुरत होतं. त्याला दूध ओढता येत नव्हतं, हातापायाच्या काड्या झाल्या होत्या.

खरं माझ्या जिभेवर आलं होतं. पण बोललो असतो तर शेवंता शिवलेली ठरली असती, सासूसमोर, पन्नास माणसांसमोर. आणि हौसा खोटी, चिता विझायच्या आत. गप्प बसलो असतो तर हे पोर महिनाभरात गेलं असतं. त्या दोघींना रात्री बंगल्याच्या पडवीत झोपायला जागा दिली. सासू म्हणाली, सकाळी पहिल्या मोटारीनं परत जातो.

सकाळी राख सावडायला माणसं जमली. माझा पुतण्या घमेलं घेऊन उभा. तिकडं सासू पिशवी आवळत होती. मी ओट्यावर खाली बसलो, पाय लांब केले आणि म्हणालो, "शेवंता, पोर हिकडं आन."

सासू म्हणाली, "तुमी काय करनार?"

"हौसा जे करायची ते. मला शिकवलंय तिनं."

कार्ल्याचा म्हातारा, त्या एका कानवाल्याचा बाप, डोळे बारीक करून म्हणाला, "तुला? तू तर जन्मभर तिची टिंगल केलीस."

"टिंगल करत करतच शिकलो."

"आन सुतकात पोर पायावर घेतोस?"

"ती असती तर तिला विचारलं असतंस का? मग मला का विचारतोस?"

जन्मात मी पोर नडग्यांवर घेतलं नव्हतं. ते घसरतं, हे मला तेव्हा कळलं. माझी माळ्याची बोटं, मातीनं फुटलेली. मी तेल घेतलं, ओठाच्या दोन्ही कडा धरल्या, जवळ आणल्या आणि धरून बसलो. सगळे बघत होते. सोडल्यावर काय होणार ते मला माहीत होतं, म्हणून सोडलंच नाही. सासूच म्हणाली, "दिसतंय खरं जुळताना."

मी हौसाच्याच बोलीत म्हणालो, "पर येका दिवसात व्हनार न्हाई. दोन-तीन म्हैनं लागतील. पोर आन पोराची आय माज्याकडं ठिवा, तुमी घरी जा. आन ह्याला लागतं त्ये तेल हितं मिळत न्हाई. मुंबईहून आनावं लागतं. आम्ही आत्ताच निघतो."

"आत्ता?" पुतण्या म्हणाला. "काका, राख?"

"राख तू सावड. ती काय उठून जात नाही."

माणसं कुजबुजली. बायकोची राख टाकून म्हातारा तेल आणायला चालला, डोक्यावर परिणाम झाला. होऊ दे म्हटलं. सासूनं पोराच्या कपाळाला अंगारा लावला आणि सोमाटण्याच्या मोटारीत बसली.

आम्ही मुंबईच्या गाडीत बसलो. शेवंता पोर मांडीवर घेऊन समोर. खंडाळा गेलं, पहिला बोगदा आला, डब्यात अंधार झाला. मी त्या अंधारात बोलायला लागलो. गोठ्याचा कोपरा, टकल्या डॉक्टर, पुठ्ठे, बंडीचं अस्तर, सगळं. बोगदे येत होते, जात होते, मी थांबलो नाही. उजेड यायचा तेव्हा मी खिडकीबाहेर बघायचो.

"मंजी मावशी समद्यांशी खोटं बोलली?" शेवंतानं विचारलं.

"व्हय."

"आन तुमी?"

"म्या आज सकाळपासनं."

ती हसली का रडली मला कळलं नाही, तोंडावर पदर धरला होता. तेवढ्यात पोर भुकेनं रडायला लागलं. तिनं पिशवीतून दुधाची वाटी आणि कापसाचा बोळा काढला. घाटात गाडी हलत होती. मी दोन्ही हातांनी वाटी धरली, ती बोळा बुडवून त्याच्या घशात थेंब सोडत होती, आणि कर्जत येईपर्यंत मी त्यातलं दूध सांडू दिलं नाही.